शांतवन मास्तरांच्या खाणीतला मासा

शांतवन मास्तर माशांना पेंड घालायला निघाले की आधी कोट चढवीत. भर चैत्रात, शेवगावचं ऊन टाळू भाजत असताना, कोपरावर विरलेला काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांच्या पत्नी मार्थाबाई दारातून ओरडत, "अहो, मासे काय तुमचा कोट बघणारेत?" मास्तर मागे वळूनही न बघता सांगत, "वर्गावर जाताना नीट जावं."

वर्ग म्हणजे गावाबाहेरची दगडाची जुनी खाण. दगड संपला आणि खाली पाझर लागला, तेव्हा ती कोणीतरी सोडून दिली होती. पुढे तिच्यात बारमाही पाणी राहू लागलं. मास्तरांची मिशनची शाळा बंद पडली त्या दिवशी कोणी बाकं नेली, कोणी फळा नेला. मास्तरांनी पितळेची घंटा उचलली. त्या घंटेवर त्यांनी खाणीतले मासे शिकवले होते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. काठावर उभं राहून ते टोल देत आणि पाणी काळं होऊन वर येई, इतके मासे. मग शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून केलेले गोळे टाकताना त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. "ढकलाढकली नाही. मागच्यांनी पुढे यावं. तू काल दिसला नाहीस, काय झालं?"

बारकी पिल्लं बाजूच्या एका खळग्यात असत. ती बिगरी. हाताएवढी झाली की पहिली-दुसरी. आणि विकायजोगे झालेले मासे व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे सातवीच्या परीक्षेला, बसलेले. कोणी विचारलं, "मास्तर, यंदा माल किती निघंल?" तर म्हणायचे, "फायनलला बरेच बसलेत, पास किती होतात बघू."

मी तेव्हा शेवगावच्या दवाखान्यात नर्स म्हणून नवी होते. मास्तरांच्या घराची पुढली खोली मला भाड्याने मिळाली होती. मास्तर आणि मी, दोघंही ख्रिस्ती. आमचे आजे-पणजे महारवाड्यातून मिशनात आलेले. मी हे सांगते आहे ते एवढ्यासाठी की पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, आणि गावात ते कोणी कधी तोंडानं बोलत नसे. गावात सगळे मला "नर्सबाई" म्हणून मान देत. सुई टोचून घेताना कोणाची जात आड येत नसे. घरी गेल्यावर कोण आंघोळ करी, ते मी विचारायला जात नसे.

मास्तर मात्र विचारणाऱ्यांपैकी होते. फार वाईट खोड. दुकानदाराने "चालतंय की" म्हटलं की ते म्हणत, "काय चालतं? कुठे चालतं?" पाटीवर लिहिलेलं अशुद्ध दिसलं की खडू मागून दुरुस्त करत. खिशात खडू असायचाच. गर्विष्ठ होते का? होते. आपल्यासारखा शिक्षक तालुक्यात झाला नाही असं त्यांना वाटे, आणि ते बोलूनही दाखवत. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की राग यायचा आणि दहा मिनिटं बोललं की हसू.

त्यांच्या शाळेत सगळ्या आळ्यांची पोरं शिकली होती, कारण बराच काळ तिथे दुसरी शाळाच नव्हती. त्या शाळेतली एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. कोणी शेजाऱ्याच्या पाटीवरून गणित उतरवलं तर मास्तर छडी मारत नसत. गणित तपासत, बरोबर असलं तर पूर्ण गुण देत, आणि म्हणत, "आता खाली मालकाचं नाव लिही." त्या पोराला स्वतःच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव लिहून ती वर्गभर फिरवावी लागे. छडी परवडली, असं मोठी झालेली माणसं मला सांगत. मास्तरांचं एकच म्हणणं असे, की ज्याचं काम त्याचं नाव. त्यांच्या लेखी यापलीकडे फारसा धर्म नव्हता, आणि पाळकांना ते आवडत नसे.

लढाईच्या दिवसांत धान्य कमी पडू लागलं, तेव्हा सरकारने गावोगावच्या तळ्यांत मासे सोडायचं मनावर घेतलं. बंगालकडची पिल्लं आगगाडीने येत, पत्र्याच्या डब्यांतून. शेवगावात कोणी पुढे आलं नाही. मास्तरांनी खाणीचा पट्टा आपल्या नावावर करून घेतला आणि डबे उतरवून घेतले. कामगिरीवरच्या साहेबाने सांगितलं, पाण्यात शेण टाका, त्यावर शेवाळ धरतं, ते मासे खातात. मास्तरांनी शेण टाकलं. झालं, गावात बोभाटा झाला की मास्तरांचे मासे शेण खातात. मास्तर चावडीसमोर उभे राहून म्हणाले, "शेणानं सारवलेल्या जमिनीवर पान मांडून जेवता ना? मग?" मुद्दा बिनतोड होता, पण मुद्दा पटला म्हणून माणसं मासा घेतात असं थोडंच आहे!

आमच्या भागात मासा म्हणजे गंगेचा. गोदावरीला तिथे गंगाच म्हणतात. पलीकडचा काठ निजामाचा, अलीकडचा आपला, मध्ये भोई लोकांची जाळी. आठवड्याच्या बाजारात भोयांच्या बाया पाट्या घेऊन ओळीनं बसत, ओल्या गवताखाली मासे झाकून. गिऱ्हाईक यायचं, खाली बसायचं, कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, पोट दाबायचं, डोळा बघायचं, नाकाशी धरायचं. हे सगळं करून झालं की विचारायचं, "कुठल्या पान्याचा?" भोईण म्हणायची, "गंगंचा." बस्स. मग भाव. एवढ्या एका शब्दाला किंमत होती. लाल कल्ल्याचा, ताजा मासा असला आणि तो शब्द नसला, तर तो अर्ध्या भावात जाई किंवा जातच नसे.

मास्तरांना वाटलं, मासा चांगला असला की शब्दाची गरज नाही. त्यांची पहिली बॅच फायनलला बसली तेव्हाची गोष्ट. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास येतो अशी लोकांची तक्रार असते हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी खाणीच्या एका कोपऱ्यात दगड लावून स्वच्छ पाझराच्या पाण्याचं कुंड केलं होतं. विकायचे मासे तिथे आणून उपाशी ठेवायचे. "परीक्षेच्या आधी पोट हलकं हवं," म्हणायचे. मार्थाबाईंनी त्यातला एक रांधला. मी आतापर्यंत खाल्लेल्या माशांत तसा गोड मासा दुसरा नाही, वासाचं नाव नको.

बाजारच्या दिवशी त्यांनी बैलगाडीवर पाण्याने भरलेलं लाकडी पिंप ठेवलं आणि मासे जिवंत नेले. बाजारात जिवंत मासा म्हणजे चमत्कार. नदीचा माल येईस्तोवर मेलेला असायचा. गर्दी लोटली. मोठ्या डोक्याचे ते बंगाली मासे लोकांनी कधी पाहिले नव्हते. पोरं त्यांना "डोकेवाले" म्हणू लागली. माणसं पिंपात हात घालत, मासा शेपटीनं हाताला फटका मारी, हशा होई. "वा मास्तर! काय मासा हाय!" कल्ला उचलायची गरज नव्हती, पोट दाबायची गरज नव्हती. मास्तर कोटात ताठ उभे. मग कोणीतरी विचारलं, "कुठल्या पान्याचा, मास्तर?"

ते पाणी सगळ्यांना माहीत होतं. मास्तर म्हणाले, "माझ्या. गावाबाहेरच्या खाणीचा."

आणि गर्दी पातळ झाली. कोणी वाईट बोललं नाही. एकाला घरी पाहुणे यायचे होते, दुसऱ्याचा उपास होता, तिसरा म्हणाला, "पुढल्या बाजाराला बघू." बहुतेक सगळे त्यांचेच विद्यार्थी. कसाबवाड्यातली दोन-चार घरं त्यांच्याकडून घेत, आमची ख्रिस्ती घरंही घेत. पण आमच्याकडे मासा म्हणजे नाताळ नाहीतर पाहुणा. खाणीतल्या एवढ्या मालाला ते कितीसे पुरणार? मास्तरांनी उरलेले मासे गाडीतून परत नेऊन खाणीत सोडले. बाजारातून परत पाण्यात गेलेले मासे मी त्यांच्याकडेच पाहिले. मार्थाबाईंनी विचारलं तर म्हणाले, "फायनल नापास. पुन्हा बसतील."

ते पुन्हा बसत राहिले. बाजारामागून बाजार तेच. मासे मोठे होत गेले, पेंड जास्त खाऊ लागले. मास्तरांनी घड्याळ विकलं, मार्थाबाईंच्या शिलाई मशीनला गिऱ्हाईक आलं. भिंतीला कान लावावा लागत नव्हता, त्या दोघांचं भांडण मला खोलीत बसल्या बसल्या ऐकू यायचं. बाई म्हणत, "भोईणीला देऊन टाका. ती गंगेचा म्हणून विकेल, आपल्याला काय?" मास्तर म्हणत, "मासा मी वाढवला. नाव गंगेचं का?" बाई म्हणत, "गंगेला राग येणार नाही."  मास्तरांना पैशाची पर्वा नव्हती असं मी म्हणणार नाही, पण त्यांना हवं होतं ते वेगळंच. बाजाराच्या भर गर्दीत एखाद्या तरी मराठा घरच्या माणसाने, एखाद्या तरी जुन्या विद्यार्थ्याने, उघडपणे म्हणावं, "मास्तर, तुमच्या खाणीतला एक द्या." त्यांना एवढंच ऐकायचं होतं. त्या माणसाने सगळी हयात ज्या पोरांना बाराखडी शिकवली, त्यांच्याकडून एवढंच.

ती भोईण म्हणजे भागूबाई. नवरा पायाने अधू होऊन पडलेला. त्याच्या जखमेला पट्टी करायला मी जायची, म्हणून तिची माझी ओळख. काळी, उंच, आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाला भाव कळावा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढचा उन्हाळा आला आणि निजामाच्या हद्दीत गडबड वाढली. नदीवर पहारे बसले, होड्या काठाला लागल्या, भोई माणसं जीव मुठीत धरून घरी बसली. भागूबाईची पाटी रिकामी. इकडे पावसानं आदल्या साली दगा दिलेला, आणि खाणीतलं पाणी भराभरा खाली जायला लागलं. काठावरच्या दगडांवर पाण्याच्या उतरत्या रेघा दिसत. मासे दाटीवाटीनं वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले.

एका सकाळी ती खाणीवरच आली. मी तिथे होते, मार्थाबाईंचा निरोप घेऊन गेले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "हे मरनार. तुमी बघत बसनार हाय का?"

"बाजारात नेतो आहे मी."

"न्हेता आनि परत आनता. आवं, गंगंच्या माशाला कुनी धनी न्हाई. तुमच्या माशाला हाय. लोक मासा न्हाई बघत, धनी बघत्यात. मला द्या. माझ्या पाटीत पडला की त्याचा धनी गेला."

"आणि तू सांगणार गंगेचा."

"मी काय सांगायचं ते माझं मी बघीन. तुमी इचारू नका, मी सांगनार न्हाई."

 एक मोठा मासा उताणा होऊन काठाला लागला होता. मास्तरांनी त्याला हाताने सरळ करून आत ढकललं, तो पुन्हा उताणा झाला. मग ते म्हणाले, "ने." आणि घंटा न वाजवताच घरी निघून आले.

भागूबाईचा माल तासाभरात संपायचा. आता गंमत बघा. नदीवर कोणी जात नव्हतं हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. ते डोकेवाले मासे मास्तरांच्या पिंपात सगळ्या बाजाराने पाहिले होते. तरी गिऱ्हाईक बसायचं, कल्ला उचलायचं, विचारायचं, "कुठल्या पान्याचा?" ती म्हणायची, "गंगंचा." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि वरचा भाव देऊन मासा न्यायचं. कोणी फसत नव्हतं. मासा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो निश्चिंत मनाने खाता यावा, म्हणून तेवढा शब्द विकत घ्यायचा होता. मला त्याचा राग आला होता, आजही येतो. मास्तर त्या दिवसांत बाजारच्या वाटेला जात नसत. बाजारच्या दिवशी घरात बसून मशीनची चाकं पुसत बसायचे. मशीन वाचलं होतं.

हे असंच चालत राहिलं असतं, पण आबासाहेबांकडे पंगत झाली. आबासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर, मास्तरांचा जुना विद्यार्थी. पलीकडच्या काठावरून जीव वाचवून आलेले त्यांचे सोयरे वाड्यावर उतरले होते. त्यांच्यासाठी माशाचं जेवण. त्या सोयऱ्यांत एक म्हातारा होता, जन्म गंगेकाठी गेलेला. त्याने पानातलं ते मोठं डोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि सरळ मनाने विचारलं, "ह्यो कुठला मासा? आमच्या गंगंत ह्यो न्हाई."

पंगत थांबली. त्या म्हाताऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण एकदा भर पंगतीत बोललं गेलं, म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांनाही आता ते नव्याने कळायला हवं होतं. त्यांना ते फार मोठ्या आवाजात कळलं. पानं तशीच उचलली. घरातल्या बायांनी रांधायची भांडी अंगणात टाकली. दुसऱ्या दिवशी भागूबाईच्या दारात माणसं गेली, पाटी मोडली, चूल मोडली, आणि अधू नवऱ्यासमोर तिला वाटेल ते बोलले. मी पट्टी करायला गेले तर ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ फुटलेला. भोयांची पंचायत म्हणाली, आम्ही तुला ओळखत नाही. बाजारातली तिची जागा गेली. ती जागा गेली म्हणजे त्या घरात सगळंच गेलं. ती एवढंच म्हणत होती, "नर्सबाई, उद्या चावडीवर बोलावलंय. मी खरं सांगते. समद्यांना ठावं हुतं, असं सांगते."

मी ते घरी येऊन मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "असं सांगितलं तर तिला गावात राहू देणार नाहीत." आणि कोट घासायला बसले.

चावडीवर आमच्या लोकांनी बाहेरच्या पायरीशी उभं राहायचं, ते स्वातंत्र्यानंतरही तसंच होतं. मी पायरीशी होते. भागूबाई आत मधोमध बसवलेली. मास्तर कोणाला न विचारता पायरी चढून आत गेले. सगळे चमकले, पण त्यांना बाहेर काढायचं कोणाला सुचलं नाही. बहुधा वर्गाची सवय.

"या बाईचा दोष नाही," मास्तर म्हणाले. "ती मला दर खेपेला विचारत होती, मासा कुठला. मी तिला सांगितलं, गंगेचा. पलीकडचे भोई चोरून माल आणतात आणि माझ्या खाणीत जिवंत ठेवतात, असं सांगितलं. मी खोटं बोललो. तिला फसवलं, आणि तिच्या हातून तुम्हाला."

भागूबाई उठून उभी राहिली. "न्हाई, मास्तर, काय बोल..."

"खाली बस!" मास्तर ओरडले. शाळा चालू असताना ओरडत असतील तसे. भागूबाई त्यांच्या शाळेत कधी गेली नव्हती, पण ती बसली.

चावडीवर कोणालाच ते खरं वाटलं नसणार. पण चेहरे कसे सैल झाले ते मी पाहिलं. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. आता ते फसलेले होते, आणि फसलेल्या माणसाला बाट लागत नाही. नारळ फोडला, गोमूत्र शिंपडलं की झालं. आबासाहेब तेवढे खाली बघत होते. ते म्हणाले, "मास्तर, तुमीच आमाला खरं बोलायला शिकवलं."

"शिकवलं होतं," मास्तर म्हणाले. "कोण किती शिकलं, ते ज्याचं त्याला ठाऊक."

खाणीचा पट्टा रद्द झाला. भागूबाईने पंचायतीला नारळ दिला, पाया पडली, आणि तिची जागा तिला मिळाली. उरलेले मासे वैशाखात खाणीच्या तळाशी मेले. आठवडाभर वास गावावर होता. मास्तर एकदाही तिकडे गेले नाहीत. मी मार्थाबाईंना म्हटलं, "बाई, तुम्ही तरी त्यांना अडवायचं." त्या म्हणाल्या, "त्यांना नाव पाहिजे होतं ना? झालं नाव." आणि मशीनवर डोकं ठेवून रडल्या. गावात नाव खरोखरच झालं होतं. पोरं त्यांच्या मागून "लबाड मास्तर" म्हणत पळत. दुकानदार वजन करताना म्हणे, "बघून घ्या हं, आमी काय तुमच्यासारखं न्हाई." ज्या माणसाला दुसऱ्याच्या पाटीवरचं गणित सहन होत नसे, तो हे सगळं ऐकून घेई. मला ते बघवत नसे.

त्यांनी माझ्या हाती भागूबाईला एक निरोप पाठवला. "तिला सांगा, बाजारात मला ओळख दाखवू नको. दाखवलीस तर लोक म्हणतील दोघांचं संगनमत होतं, आणि पुन्हा तुझ्या पाटीवर येतील. मी दिसलो की शिव्या घाल."

पावसाळ्यानंतर पलीकडचं राज्य गेलं, नदी मोकळी झाली, आणि भागूबाईच्या पाटीत खरोखरीचा गंगेचा मासा येऊ लागला. पहिल्या बाजाराला मास्तर पिशवी घेऊन तिच्यासमोरून गेले. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं वाटुळं हुईल, मास्तर. तुमी मला फशिवलं." हात जोडायचे तेवढे राहिले होते. घरी आल्यावर मास्तर मला म्हणाले, "अहो-जाहो करून शिव्या देतात का कोणी? कोण विश्वास ठेवील? एकेरीवर ये म्हणावं." मी हसले. तेही हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

ती एकेरीवर आली. आणि मास्तर दर बाजाराला जात राहिले, भाजी घ्यायची असो वा नसो. ती त्यांच्या सात पिढ्या काढी. लोक जमत, दात काढत, आणि जमले की मासे घेत. कारण ज्या बाईला गंगेच्या नावाने फसवलं गेल्याचा इतका संताप आहे, तिच्या पाटीत दुसरं पाणी असणार कसं? आता तर कोणी विचारतही नसे. तिच्या शिव्या ऐकल्या की पुरे.

माझी बदली नगरला झाली. निघायच्या आदल्या बाजाराला मी मार्थाबाईंसाठी काही घ्यायला गेले होते. मास्तर त्याआधी हिवतापाने पुष्कळ दिवस पडून होते. मी त्यांना उठू नका म्हणून बजावलं होतं. तरी पाहते तर ते ओळीच्या त्या टोकाकडून येत होते. अंगातला कोट खांद्यावरून ओघळत होता, एका हाताने ते गाडीच्या चाकाचा, दुकानाच्या खांबाचा आधार घेत चालत होते. भागूबाईच्या पाटीपुढे येऊन उभे राहिले.

तिने त्यांना पाहिलं आणि तिचा आवाजच फुटेना. भोवती माणसं थांबली होती, नेहमीची मजा बघायला. आबासाहेबांचा गडी पाटीशी उकिडवा बसून एका माशाचा कल्ला उचलत होता. भागूबाईचे डोळे भरून आले. ते पाहून एक-दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मास्तर थोडे पुढे वाकले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"भागू, लोक बघतायत," ते म्हणाले. "बोल."

तिने पदराने तोंड पुसलं. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली. मुडदा बशिवला तुझा, लबाडा, तुला पानी घालायला कुनी उरायचं न्हाई. मास्तर मान खाली घालून, नीट लक्ष देऊन ऐकत होते. लोक हसले. आबासाहेबांचा गडीही हसला आणि म्हणाला, "भागूबाई, त्यो मोठा दे."